गॅस दाबला की मायनस

निकाल हातात पडला त्या दुपारी अमोघने शर्मिष्ठाचा केमिस्ट्रीचा पेपर तिच्या बाकावरून उचलला आणि सगळ्या बॅचसमोर फडकवला.

"देख लो भाई लोग! मुझे पढ़ाया माइनस, अपने पेपर में लिखा प्लस!"

"पेपर दे," शर्मिष्ठा म्हणाली.

"पहले जवाब दे."

लखनऊच्या विकास नगरमधल्या त्या कोचिंगमध्ये अकरावीच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत हुशार मुलांच्या बॅचला जोड्या होत्या. ज्याचं फिजिक्स पक्कं, त्याने जोडीदाराच्या फिजिक्सच्या शंका सोडवायच्या, ज्याची केमिस्ट्री पक्की, त्याने केमिस्ट्रीच्या. फिजिक्सवाली शर्मिष्ठा आणि केमिस्ट्रीवाला अमोघ यांची जोडी मात्र त्यांच्या आयांनी जुळवली होती, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात. एकीचा नवरा बँकेत, दुसरीचा रेल्वेत, दोघींना लखनऊमध्ये "आपलं माणूस" सापडल्याचा आनंद. मुलांना तो झाला नव्हता. ती एकमेकांशी हिंदीत बोलत. मराठी त्यांनी भांडणापुरती ठेवली होती, कारण बॅचमध्ये ती तिसऱ्या कुणाला कळत नसे.

या एका प्रश्नामुळे अमोघ पहिल्या बॅचमधून खालच्या मजल्यावरच्या दुसऱ्या बॅचमध्ये घसरला होता. आणि जोडीदाराला मुद्दाम चुकीचं शिकवणाऱ्यालाही खालीच पाठवायचं, असा कोचिंग चालवणाऱ्या निगम सरांचा नियम होता. अमोघ पेपर घेऊन थेट त्यांच्या केबिनमध्ये गेला. शर्मिष्ठाला मागोमाग जावंच लागलं.

प्रश्न साधा होता. गॅस दाबताना त्यावर दोनशे ज्यूल काम केलं, गॅसने बाहेर ऐंशी ज्यूल उष्णता सोडली. त्याची आंतरिक ऊर्जा किती बदलली? शर्मिष्ठाने कामाला अधिक चिन्ह देऊन दोनशेतून ऐंशी वजा केले होते. उत्तर अधिक एकशेवीस, पूर्ण गुण. अमोघने कामाला वजा चिन्ह दिलं होतं, त्यात उष्णतेचे वजा ऐंशी मिळवले होते. उत्तर वजा दोनशे ऐंशी, शून्य गुण.

"सर, इसी ने बताया था, गैस दबाओ तो काम माइनस. मैंने पूछा भी था कि केमिस्ट्री में भी यही? तो बोली, सब्जेक्ट बदलने से गैस बदल जाती है क्या?"

"बोली थी?" सरांनी शर्मिष्ठाकडे पाहिलं.

"हाँ सर."

"तो अपने पेपर में प्लस क्यों?"

शर्मिष्ठाने टेबलावरची दोन्ही पुस्तकं उघडली. तिला जे सापडलं ते सापडायला तिथे उभं राहण्याची वेळ यावी लागली, याचा तिला राग येत होता. फिजिक्सचं पुस्तक गॅसने केलेलं काम मोजत होतं आणि ते उष्णतेतून वजा करत होतं. केमिस्ट्रीचं पुस्तक गॅसवर केलेलं काम मोजत होतं आणि ते उष्णतेत मिळवत होतं. कोणतीही एक वाट शेवटपर्यंत धरली तर उत्तर एकशेवीसच येत होतं. अमोघने चिन्ह फिजिक्सचं घेतलं होतं आणि सूत्र केमिस्ट्रीचं.

"आधा मेरा, आधा किताब का," ती म्हणाली. "मेरा पूरा लिखता तो सही आता."

"वाह! मतलब गलती मेरी?" अमोघ उसळला. "और तेरा प्लस? तुझे तो पता था कि यहाँ उल्टा है!"

खरा प्रश्न हाच होता. तिला फरक माहीत असेल, तर तिने तो लपवला होता. माहीत नसेल, तर अधिक चिन्ह कुठून आलं?

"बेटा, पता था या नहीं?"

शर्मिष्ठाने पुस्तकं मिटली. "नहीं था, सर. केमिस्ट्री का फ़ॉर्मूला रटा हुआ था. रटा हुआ लिख दिया."

मग सर हसले. "ठीक है. जान-बूझकर नहीं किया. तुम ऊपर रहो. अमोघ, नंबर नहीं बढ़ेंगे. जोड़ी कैंसल."

जिन्यापाशी अमोघने तिचा पेपर तिच्या हातात कोंबला आणि मराठीत बोलला.

"मला वाटत होतं, तू हुशार आहेस आणि नीच आहेस. नीच नाहीयेस."

"मायनस दोनशे ऐंशीवाल्याने बोलू नये."

"चुकलो ना. पण मी एकच गॅस डोक्यात धरून चुकलो. तुझ्या डोक्यात दोन होते आणि तुला पत्ताच नव्हता. जा, बस वर."

तो खालच्या मजल्यावर गेला. ती वर्गात आली तेव्हा निगम सरांनी फळ्यावर उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाचं समीकरण लिहायला सुरुवात केली होती.

"किसी को डाउट?"

"शर्मिष्ठा से पूछ लेंगे सर," मागच्या बाकावरून ऋषभ म्हणाला, "उसको रटा हुआ है."

केबिनची भिंत प्लायवुडची होती, वर्गात सगळं ऐकू गेलं होतं. सगळी बॅच हसली. सरही हसले आणि पुढे लिहू लागले. सगळ्यांची पेनं चालू झाली. शर्मिष्ठाने हात वर केला.

"सर, यहाँ डब्ल्यू किसका काम है? गैस ने किया, या गैस पर हुआ?"

"अरे, लो!" ऋषभ ओरडला. या वेळचं हसू आधीपेक्षा मोठं होतं. ते ओसरेपर्यंत तिने हात खाली घेतला नाही.