पाचटाची गादी

धनू दूध पिता पिता झोपली की मी लिहिते. एक हात तिच्या डोक्याखाली, दुसऱ्यात मोबाईल. असं लिहून लिहून अंगाईगीतांचं पुस्तक झालं आणि शहरातल्या एका वाचनालयानं ‘लेखिका आपल्या भेटीला’ म्हणून मला बोलावलं.

भिंगारहून रिक्षानं गेलो. धनूला धरायला सासूबाई होत्या, लंकाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. अर्धं आयुष्य त्यांनी ऊस तोडला. त्या मागं, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या.

मी पहिलीच अंगाई वाचली. सगळ्यांना आवडते ती.

हळू पड रं कोयत्या, हळू पड,
पाचटाच्या गादीवर निजलंय माझं बाळ...

तेवढ्यात धनूनं भोकाड पसरलं. आत्यांनी तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं आणि रोजच्या सवयीनं गायला लागल्या. तेच गाणं. फक्त बाळाच्या जागी ‘अजिनाथ’.

सगळे वळून बघायला लागले. माझे कान तापले. आत्यांनी ते उसाच्या फडात रचलेलं, तिथंच वाळल्या पाल्यावर निजवलेल्या तान्ह्यासाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी. मी त्याचं नाव तेवढं काढलं होतं आणि मुखपृष्ठावर माझं घातलं होतं.

“वा! सुनेची कविता पाठ आहे आजींना,” वाचनालयाचे कार्यवाह वैजनाथ सर म्हणाले. “पण हा अजिनाथ कोण?”

“हिचा नवरा.”

हशा पिकला. “त्यालाबी थोपटावं लागतं का मग?” कुणीतरी म्हणालं.

“आजी, गाणं नक्की कुणाचं?” सरांनी हसत विचारलं.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं होतं, खरंच.

“तिचंच हाय,” आत्या म्हणाल्या. “मला कुठं लिवता येतंय?”

टाळ्या पडल्या. मी हसले. तेही जमलं मला.

शाल, नारळ झालं. लोक पांगल्यावर सरांनी अभिप्रायाची वही पुढं केली. पाहुण्यांनी दोन ओळी लिहायची तिथली रीत. मी लिहिलं, ‘पहिली अंगाई लंकाबाईंची आहे. माझी नाही.’

“काय लिवलंस? वाच की,” आत्या जवळ येऊन म्हणाल्या.

वाचलं. सर खुर्च्या उचलता उचलता थांबले.

“माणसं हुती तवा वाचायचं हुतंस, बाई.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी शाल त्यांच्या खांद्यावर टाकायला गेले. त्यांनी ती काढून धनूभोवती गुंडाळली.

“चल. पोरगी भुकेली हाय.”