दुसरा झोका

त्या शनिवारी दुपारी ती घरात शिरली तेव्हा बाबांनी पडद्याच्या दांडीला सुतळी बांधून गरम पाण्याची रबरी पिशवी टांगली होती आणि स्वतः हातात टेप घेऊन जमिनीवर फतकल मारून बसले होते. पिशवी पाण्याने तुडुंब भरलेली. ती झोका घेत पुढे यायची, कोपऱ्यातल्या फुलदाणीला घाबरवून परत जायची.

"तिथेच थांब," बाबा म्हणाले. "तू झोक्याच्या पुढ्यात उभी आहेस. खरा असता तर एव्हाना कपाळाला टेंगूळ आलं असतं."

"पडदा फाटेल ते आधी बघा."

"पडदा शिवता येतो."

आतून आत्या कडाडली, "दादा, माझी पिशवी! रात्री कंबर काय विटेने शेकू?"

"विज्ञानासाठी थोडी कळ काढ," बाबा म्हणाले आणि फरशीवर खडूने रेघ मारली.

बाबांना प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदावरून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. आता शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत नवीन क्रीडांगण व्हायचं होतं, आणि त्यासाठी एक समिती नेमली होती. समिती म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. एकाचे दोन करायचे असतील तर लग्न लावावं, दोनाचं शून्य करायचं असेल तर समिती नेमावी.

या समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. लोकांची तोंडं उघडी असतानाच आपण बोलायचं, ही धंद्यातली सवय त्यांना सभेतही जडली होती. चिटणीस बाई मान डोलवायच्या; त्यांची मान आडवी हललेली कुणी पाहिली नव्हती. आणि शाळेच्या सध्याच्या मोठ्या बाई. त्यांना दोघांनाही खूश ठेवायचं असे, त्यामुळे त्या कधीच वाक्य पूर्ण करत नसत.

या मंडळींचा पराक्रम शाळेच्या बातमीपत्रातून महिन्याच्या महिन्याला घरी येऊन पडायचा. ती एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायची. दिवसभर चांगल्या लेखकांची वाक्यं डोळ्यांखालून घालून घरी यावं, तर जेवणाच्या टेबलावर हे चारपानी गुळगुळीत प्रकरण. 'दुसरीच्या वर्गाला नवा फळा' या बातमीसोबतच्या फोटोत अध्यक्ष फळ्यापुढे असे उभे होते की फळा दिसतच नव्हता. 'क्रीडांगण समितीची अभ्यास-सहल' या बातमीत सगळ्यांनी कुठे चहा घेतला ते सविस्तर होतं, अभ्यास मात्र कुठेतरी पडून राहिला होता. बाबा हे सगळं पहिल्या अक्षरापासून वाचत. ती वरच्यावर चाळून नाक मुरडे.

दर सभेत क्रीडांगणातली एकेक वस्तू गळत गेली. घसरगुंडी गेली, कारण उन्हात तापते. वाळूचा हौद गेला, कारण मांजरं येतील. खालीवर होणारी फळी गेली, कारण एक मूल वर असलं की दुसरं खाली असतं आणि खालच्याचे पालक तक्रार करतील. चढायची जाळी गेली, कारण मुलं चढतील. आता झोके तेवढे उरले होते, तेही बाबा सभेला जाऊन हटून बसत म्हणून.

"एकच ठेवा म्हणतात," बाबा टेप गुंडाळत म्हणाले. "जागा नाही म्हणे. दोन बसतात. हे बघ, मी मोजलंय."

"बाबा, एक काय आणि दोन काय. ती माणसं तुम्हाला झुलवताहेत."

"मग झोका हवाच की!" बाबा स्वतःच्या विनोदावर खो-खो हसले. मग टेप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुला आपल्या शाळेतला जुना झोका आठवतो?"

"आठवतो."

"कसा होता गं?"

पिशवी हलत होती. बाबा लेकीकडे बघत होते, वर्गात एखाद्या सोप्या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघावी तसे.

"गंजका," ती म्हणाली आणि पर्स ठेवायला आत गेली.

जेवताना बाबांनी पुन्हा काढलं. "उद्याच्या सभेला ये ना. मागे बसून राहा नुसती."

"दातांच्या डॉक्टरांचं भाषण ऐकण्यापेक्षा मी त्यांच्याकडून दात उपटून घेईन. तेही भूल न देता."

आत्याला ठसका लागला. बाबाही हसले आणि तिच्या ताटात आपल्या ताटातली काकडीची फोड ठेवली. ती तिला आवडत नसे. हे त्यांच्या कधीच लक्षात राहिलं नव्हतं. तिने ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करता करता मोरीच्या दारात बसले आणि पुन्हा उठले नाहीत. एका गालावर साबण तसाच होता. तो आत्याने पदराने पुसला.

*

शाळेत बाबांना मुलं 'रांगसर' म्हणायची. पाणी प्यायला रांग, हात धुवायला रांग, रडायचं असेल तर रडणाऱ्यांचीही रांग. मधल्या सुट्टीत एकुलत्या एका झोक्यापुढे रांग लागायची आणि तिथे सरांचा खास नियम होता: सरांची मुलगी सगळ्यांत शेवटी. कुणी म्हणायला नको की मुख्याध्यापकांच्या लेकीला झुकतं माप. ती शेवटी उभी राहायची. नंतर कुणी आलं की ते तिच्या पुढे उभं राहायचं, तिला मागे सरावं लागायचं. मग घंटा व्हायची.

पुढे पुढे ती रांगेत पुस्तक घेऊन जाऊ लागली. पाहुण्यांपुढे बाबा कौतुकाने सांगत, "पोरगी रांगेतसुद्धा वाचते!" तिच्या वाचनाचं सगळीकडे जे एवढं नाव झालं, त्याचं मूळ त्या रांगेत होतं. चौथी संपेपर्यंत तिने बरीच पुस्तकं वाचून काढली. झोक्यावर ती एकदाही बसली नाही. हे ती बाबांना कधी बोलली नाही. आधी भीतीने, मग रागाने, आणि मोठी झाल्यावर इतक्या क्षुल्लक गोष्टीचं काय बोलायचं म्हणून.

*

महिन्याभराने बातमीपत्र आलं. तिसऱ्या पानावर बाबा होते. वर दंततपासणी शिबिर, खाली 'सापडलेले स्वेटर घेऊन जावेत'. 'सरांच्या जाण्याने क्रीडांगणाच्या कार्यास अधिकच गती मिळाली आहे,' असं वाक्य होतं. तिने ते दोनदा वाचलं. मुद्रणदोष नव्हता. त्यांना तेच म्हणायचं होतं.

पाठोपाठ चिटणीस बाईंचा फोन. "ताई, रविवारी श्रद्धांजली सभा आहे. आणि क्रीडांगणाला सरांचं नाव देण्याबद्दल तुमची संमती हवी. याल ना?"

"जा पोरी," आत्या म्हणाली. "हो म्हणायचं आणि यायचं. त्यांच्या नादी लागू नकोस."

तिनेही तेच ठरवलं होतं.

सभा पहिलीच्या वर्गात होती. गावातली वजनदार माणसं वीतभर खुर्च्यांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती. अध्यक्षांना खुर्चीत शिरताना त्रास झाला. उठताना खुर्चीही सोबत उठली. दोन मिनिटं शांतता पाळायची ठरली. मधेच अध्यक्षांचा फोन वाजला, आणि ते शांतता न भंगता तोंडावर हात धरून कुणाला तरी कोमट पाण्याच्या गुळण्या करायला सांगू लागले.

मग ते बोलले. सर म्हणजे वटवृक्ष, सर म्हणजे दीपस्तंभ. जिवंतपणी सर या माणसासाठी फक्त 'तुमचा पुन्हा तोच मुद्दा' होते. ती खिडकीतून मागची मोकळी जागा बघत बसली. भिंतीला टेकून सिमेंटची पोती रचली होती.

"तेव्हा समितीने एकमताने ठरवलंय," अध्यक्ष म्हणाले, "की सरांच्या नावाने भव्य रंगमंच बांधायचा. वर छप्पर, समोर फरशी. कार्यक्रम होतील, सत्कार होतील."

"आणि झोके?" मागून कुणीतरी पालक बाई म्हणाल्या.

"झोक्याला जागा उरत नाही. आणि झोका तसा धोकादायकच. नाव मात्र क्रीडांगणच राहील."

चिटणीस बाईंची मान डोलली. घसरगुंडी, वाळू, फळी, जाळी आणि आता झोके. खेळता येणारं सगळं उपटून काढलेलं क्रीडांगण, आणि त्याच्या कपाळावर बाबांचं नाव. या माणसांना एवढंच साधायचं होतं आणि ते छान साधलं होतं. तिला राग आला नाही. किडक्या दाताकडे बघावं तशी ती त्यांच्याकडे बघत होती. हो म्हणायचं आणि निघायचं.

"सरांचा तसा आग्रह होता हो," मोठ्या बाई चाचरत म्हणाल्या. "दोन झोक्यांचा. मी म्हटलं, सर, एक पुरे. तर म्हणाले, एकच असला की शेवटच्या मुलीचा नंबर... म्हणजे..." त्या अध्यक्षांकडे बघून थांबल्या.

"शेवटच्या मुलीचा काय?" ती म्हणाली. सभेत आल्यापासून पहिल्यांदाच तिने तोंड उघडलं होतं.

"नंबर येत नाही. घंटा होते. असं म्हणाले. मी विचारलं, मुलगीच कशी? कुणीही असेल की शेवटी. तर म्हणाले, माझ्या वेळी मुलगीच होती. आणि दर सभेला दोनच म्हणायचे."

"वयपरत्वे होतं असं," अध्यक्ष हसले. "माणूस एका गोष्टीवर अडतो. तर ताई, नावाला आपली संमती आहे असं धरून चालू?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती उठली. छोटी खुर्ची मागे कलंडली, ती तिने उचलली नाही. पडद्याच्या दांडीला टांगलेली पिशवी, फरशीवरची खडूची रेघ, आणि 'कसा होता गं?'

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नाव मिळणार नाही. रंगमंच हवा तर स्वतःच्या नावाने बांधा. तुम्हाला उभं राहायला जागा लागतेच, फळ्यापुढे मावत नाही." मागे कुणीतरी फिसकन हसलं. "जागेचं म्हणाल तर दोन झोके बसतात. बाबांनी मोजलंय. दोन झाले तर नाव द्या, नाही तर देऊ नका."

"अहो, पण एवढा अट्टहास कशासाठी? कोण ती शेवटची मुलगी?"

"मी."

छोट्या फळ्याच्या वर बाबांचा फोटो टेकवला होता, त्यातले बाबा तिच्याकडे बघत होते, सोप्या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघावी तसे. ती अध्यक्षांकडे पाठ करून फोटोकडे वळली.

"कसा होता ते मला माहीत नाही, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "मी त्याच्यावर कधी बसलेच नाही. मला बसायचं होतं. रोज बसायचं होतं."