तुरटीचं पाणी

“बाटली कशानं धुतलीत?” प्रयोगशाळेतल्या बाईनं विचारलं.

“कशानं म्हणजे? तुरटीच्या पाण्यानं,” माई ताठ मानेनं म्हणाल्या. “थोडं तळाला ठेवलंही, वास मारू नये म्हणून. लघवी झाली तरी माझ्या घरून आलेली आहे!”

शेजारी बसलेल्या सुनेनं कपाळावर हात मारला. “अहो माई, बाटली निर्जंतुक करूनच दिली होती!”

“त्यांनी केली असेल. मी कुठं केली होती?”

कापड रंगवण्याच्या घरच्या कारखान्यात माईंचा जन्म गेला होता. सूत असो नाहीतर पातेलं, तुरटीच्या पाण्यातून काढल्याशिवाय त्या पुढं हात लावत नसत. मूत्राशयातली गाठ बहुधा त्या जुन्या रंगांमुळंच झाली, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्या उसळल्या होत्या, “त्याच रंगांवर पोरं वाढवलीत मी!”

बाई म्हणाली, “तुरटीनं प्रथिनं साकळून तळाशी बसतात. तो पांढरा साका बघूनच मी तुम्हाला बोलावलं. आम्ही शोधतोय ते प्रथिन गाठीतून लघवीत उतरतं. ते सापडलं, तर त्यालाच धरून मारणारं नवं औषध देऊन बघता येईल.”

“आणि नाही सापडलं तर मूत्राशय काढून पोटाला पिशवी. ऐकलंय. आणा दुसरी बाटली.”

पहिल्या तपासणीत प्रथिन नाही म्हटल्यावर, आता शस्त्रक्रियाच होणार म्हणून लेकानं लगोलग कारखान्याला कुलूप ठोकलं होतं. शेजारपाजारी सांगितलं होतं, पोटाचं किरकोळ दुखणं आहे.

माई न्हाणीघरातून भरलेली बाटली घेऊन आल्या. सून रुमाल पुढं करत कुजबुजली, “झाका ना. समोर शेजारीणबाई बसल्यात.”

“झाकायला चोरी केलीय का मी?”

“पोटाचं कसं आहे आता?” शेजारणीनं विचारलंच.

“मूत्राशयाचा कॅन्सर आहे. पोटाचं माझ्या लेकानं शोधून काढलं.” माईंनी बाटली उजेडात धरली. आत लालसर झाक होती. “कच्चा रंग आहे. धुतला की जाईल.”

या खेपेला प्रथिन सापडलं. डॉक्टर म्हणाले, “औषध लागू पडेलच, असं नाही हं.”

“रंग तरी पहिल्या बुडीत कुठं बसतो? सुरू करा.”

संध्याकाळी त्यांनी लेकापुढं हात पसरला. “किल्ली.”

“माई, आता पुरे की ते...”

“किल्ली म्हटलं मी.”

कुलूप निघालं. सून सवयीनं बाह्या सारून रंगाच्या पिंपाकडं वळली.

“थांब गं.” माईंनी पिशवीतून रबरी हातमोज्यांची कोरी जोडी काढली. क्षणभर त्या स्वतःच्या बोटांकडं बघत राहिल्या. नखांच्या कडांत मुरलेला निळा आता कशानंच निघणार नव्हता.

मोजे त्यांनी सुनेच्या हातावर ठेवले.

“आधी हे घाल. मग पिंपाला हात लाव.”