बारा सेकंदांचा चेहरा

गोदामाला लागलेल्या आगीवर माहितीपट निघतोय हे कळल्यावर तिने त्याचं एडिटिंग हट्टाने मागून घेतलं. गोदामाचा रखवालदार आपला सख्खा दादा आहे, हे मात्र दिग्दर्शकाला सांगितलं नाही. आग दादानेच लावली अशी कुजबुज होती, आणि त्याचा चेहरा परक्याच्या हाती द्यायला ती काही खुळी नव्हती.

दिग्दर्शक म्हणजे महासंशयी प्राणी. ज्वाळांच्या शॉटनंतर रखवालदाराचा चेहरा लाव, म्हणाला, लोक काय ते समजतील.

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो चेहरा कुठला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मुलाखतीआधी कॅमेरामन दिवे सरकवत होता, त्याने दादाला गप्प बसायला सांगितलं आणि दादा बिचारा बारा सेकंद गप्प बसला. एवढंच. या दिग्दर्शकाची खोड मोडायचीच म्हणून तिने दोन तुकडे जुळवले. एकात आधी ज्वाळा, मग दादा. दुसऱ्यात आधी रखवालदाराची जळकी खुर्ची, मग तोच दादा, तेच बारा सेकंद.

खुर्चीनंतरचा दादा दुःखाने खचलेला दिसला. ज्वाळांनंतरचा दादा सगळं ठाऊक असलेला दिसला. अर्थ चेहऱ्यात नाही, त्याच्या शेजारी काय लावलंय त्यात आहे, असं तिने दिग्दर्शकाला खडसावलं. तो वरमला आणि चेहरा काढून टाकायला तयार झाला. बाजी तिने मारली.

पण तो गेल्यावर ज्वाळांचा तुकडा तिने पुन्हा लावला. मग आणखी एकदा. लबाडी स्वतःच्याच हातची, तरी शंकेची पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच. नुसते दिवे लागायची वाट पाहणारा माणूस इतका शांत बसतो का? तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही तिला थांबता येईना.

घरी दादा चहा गाळत होता. तुझा तो चेहरा काढला, असं तिने सांगितलं. बरं झालं, म्हणाला, आणि आधी तिचा कप भरला. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"दादा, आग लागली तेव्हा तू नक्की कुठे होतास?"

हा प्रश्न पोलिसांनी विचारला होता, मालकाने विचारला होता, शेजाऱ्यांनीही विचारला होता. घरातून तो आज पहिल्यांदाच आला. दादाने गाळणं खाली ठेवलं, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि तो सरळ उभा राहिला.

"मागच्या नळावर होतो, साहेब," तो म्हणाला.