उज्वलाचा गेलेला नंबर

उज्वलाच्या डोळ्यांचा नंबर उणे अकरा. पण शिकायला लातूरला गेली तेव्हा तिनं कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या आणि घरचे म्हणायला लागले, पोरीचा नंबर गेला. आधी हे फक्त स्थळं घेऊन येणाऱ्यांना सांगायचं होतं. सांगून सांगून तिच्या आईचा, सिंधुबाईंचा, स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. दरवर्षी थेंब टाकून डोळ्याचा पडदा तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नंबरच गेला तर तपासायचं काय, म्हणून तिकडं कुणी फिरकलं नाही. थोरला भाऊ मन्मथ सांगून सांगून थकला.

आज नांदेडची मंडळी उज्वलाला बघायला येणार होती, आणि सकाळपासून तिच्या उजव्या डोळ्यात विजा चमकत होत्या. आता तर कोपऱ्यातून काळी सावली आत सरकत होती.

"लेन्स धुऊन घाल," सिंधुबाई म्हणाल्या. "लई नजर लागली माझ्या लेकीला."

मन्मथनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, लेन्स काढा आणि तडक निघा, पडदा सुटत असेल तर उशीर परवडायचा नाही.

"पाहुणे औशापर्यंत आलेत," वडील, किशनराव, म्हणाले. "चहापाणी होऊ दे. तेवढ्यात काय व्हतंय?"

"आण्णा, डोळा जाईल तिचा."

"नंबर तर कवाच गेला की."

मन्मथनं कपाळावर हात मारून घेतला. पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात त्याची निम्मी जिंदगी गेली होती.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. पाहुणे बसले, पोहे आले, आणि मागून उज्वला आली ती जाड भिंगांचा जुना चष्मा लावून. सिंधुबाईंच्या हातातला तांब्या हिंदकळला.

"मला लहानपणापासून चष्मा हाय," ती म्हणाली. "आज डोळा बिघडलाय, दवाखान्यात चाललेय. तुम्ही पोहे खाऊन जावा."

मन्मथनं गाडी काढली. किशनराव चडफडत मागं बसले आणि लातूर येईपर्यंत गेलेल्या स्थळाबद्दल बोलत राहिले.

डॉक्टरांनी तपासलं. पडदा सुटायला लागला होता, पण मधला भाग अजून शाबूत होता. आजच ऑपरेशन करायचं ठरलं.

"लेन्सनं झालं का हे?" किशनरावांनी विचारलं.

"नाही. लेन्स पुढं बसते आणि पडद्यावर चित्र नीट पाडते, एवढंच. एवढ्या नंबरचा डोळा लांबट असतो, मागचा पडदा ताणून पातळ झालेला असतो. लेन्स घातल्यानं तो काही जाड होत नाही."

किशनरावांनी मान हलवली. मग जरा पुढं सरकून म्हणाले, "म्हंजे आप्रेशननंतर परत लेन्स घालता येईल ना? दुसरं एक स्थळ हाय."

मन्मथला आता रागही येईना.

"आण्णा," उज्वला शांतपणे म्हणाली, "या डोळ्यानं मला उद्या तुमचं तोंड दिसंल का न्हाई, ते आधी इचारा."

किशनरावांनी डॉक्टरांकडं पाहिलं. ओठ हलले, पण तो प्रश्न काही त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी मन्मथनंच विचारला.