दादा, ऐकू काय येतंय?

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता एका रुग्णालयाच्या टेलिफोन कक्षातला संगणक बोलायचा बंद झाला. तो मी नव्हे. मी त्याच्याच वयाचा, एका ताईंच्या पलंगाखाली पडलेला जुना संगणक आहे. पण त्या दिवशी आम्हा दोघांची गाठ पडली.

मित्रांनो, ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम आहे. तो कुणा कंपनीचा नाही. अनेकांनी मिळून घडवला, त्यात आमच्या ताईही होत्या, आणि मोफत वाटला. त्याचे पहिले शब्द माझ्याच स्पीकरमधून उमटले. तेव्हा माझा केवढा मान होता! मग लॅपटॉप आला आणि मी पलंगाखाली गेलो. माझ्या पंख्याच्या घरघरीला सगळे हसत. "अगं, हा डबा भंगारात दे," असं ताईंच्या आई केर काढताना म्हणायच्या आणि झाडूचा एक फटका मला बसायचाच.

ताई औषधांच्या दुकानात नोकरी करतात. प्रोग्रॅम वापरणाऱ्यांच्या अडचणी त्या सुट्टीच्या दिवशी सोडवतात, बिनपगारी. त्या सोमवारी दुकानाला सुट्टी होती. रुग्णालयाच्या टेलिफोन ऑपरेटरचा फोन आला आणि ताईंनी फोनचा स्पीकर लावला.

"ताई, तुमची नवी आवृत्ती घेतली आणि मशीन मुकंच झालं."

"माझ्याकडे तर चालतंय," ताई लॅपटॉपकडे बघत म्हणाल्या. "स्क्रीनवर काय दिसतंय? फोटो पाठवता का?"

ऑपरेटर म्हणाले, "ताई, दिसत असतं तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?"

ताईंनी जीभ चावली. आईंनी कपाळावर हात मारला. "अगं, शुद्धीवर आहेस ना?"

"असू द्या हो, आजी," ऑपरेटर म्हणाले. "पण साहेबांनी सांगितलंय, संध्याकाळपर्यंत सुरू झालं नाही तर उद्यापासून या खुर्चीत दुसरा माणूस. फुकटच्या गोष्टीचं असंच असतं का?"

ते ताईंना लागलं. तरी त्या चिडल्या नाहीत. "चुकलं माझं, दादा. आता सांगा, ऐकू काय येतंय?"

"ऐकू? प्रोग्रॅम सुरू केला की पंखा पिसाळतो. मग दमतो. मग चिडीचूप."

लॅपटॉपला पंखाच नव्हता. ताईंनी वाकून मला बाहेर ओढलं. माझी धूळ पुसायला आईच फडकं घेऊन आल्या. नवी आवृत्ती माझ्यात भरली. माझा पंखा पिसाळला, दमला आणि मीही मुका झालो.

"हेच! अगदी हेच!" दादा फोनवरून ओरडले. मित्रांनो, बिघडल्याबद्दल एवढी शाबासकी क्वचितच कुणाला मिळाली असेल!

नव्या आवृत्तीतला गोड आवाज फार जड होता. आमच्या तुटपुंज्या मेमरीत तो मावेना. ताईंनी जुना, हलका आवाज पुन्हा जोडला. दुपार कलता कलता मी बोललो. दुरुस्ती दादांकडे गेली, फोनवर एकेक कळ सांगत ताईंनी ती त्यांच्याकडून भरून घेतली, आणि थोड्याच वेळात फोनमधून माझ्यासारखाच किरकिरा आवाज पडद्यावरची यादी वाचू लागला, "अपघात विभाग."

"थांबा ताई, दुसरा फोन वाजतोय!" दादांनी तो उचलला. "नमस्कार, रुग्णालय. कोण हवंय?" आईंनी टाळ्या वाजवल्या.

आता माझी जागा टेबलावर आहे. प्रत्येक नवी आवृत्ती आधी माझ्यात भरतात आणि मगच लोकांना देतात. म्हणून सांगतो, जुन्याला टाकण्याआधी जरा चालवून बघा. कुठेतरी कुणाचं काम अजून तशाच मशीनवर चाललेलं असतं.

आज सकाळी एका शिक्षिकेची तक्रार आली आहे: आवाज येतो, पण प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द गिळतो. माझ्याकडे तो गिळला जात नाही. "आणखी काय ऐकू येतंय?" असं ताईंनी विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. माझा पंखा सुरू आहे.