ओळीतलं पाणकणीस

तिसऱ्यांदा उपटलेलं पाणकणीस पाहिलं आणि मी शाळेची पिशवी तिथेच चिखलात टाकली. डबा घरंगळत नालीत गेला. जाऊ दे म्हटलं.

आष्टीच्या नव्या वस्तीत आम्ही घर बांधलं, पण मोरीचं पाणी जातं ते समोरच्या कारभारीकाकांच्या अंगणात. वास मारतो, डास होतात. त्यांचं चुकत नाही, म्हणूनच माझी जास्त चिडचिड होते. "पोळ्यापर्यंत काही इलाज करा, न्हाईतर मी नाली बुजवून टाकतो," असं त्यांनी बजावलं होतं. नाली बुजली की सगळी घाण उलटी आमच्याच घरात येणार.

म्हणून दारापुढे, नालीच्या वाटेवरच, खड्डा खणला. तळाला खडी, वर वाळू, त्यावर गाळ. तळ्याच्या काठावरून पाणकणसाचे गड्डे आणले. गड्डा गाळात दाबायचा, पात निम्मी छाटायची म्हणजे वाऱ्याने कलंडत नाही, आणि मुळं धरेपर्यंत पाणी घोट्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. मग ती मुळंच घाण पाणी निवळून पुढे सोडतात. एवढं सोपं काम. फक्त कुणी उपटायचं नाही.

पहिल्यांदा मी शेजारच्या शेळीला बोल लावला. उपटणाऱ्या निघाल्या माझ्या सासूबाई, चांगुणाबाई. जन्मभर लोकांच्या रानात खुरपायला गेल्या. त्यांच्या हातून तण सुटत नाही, असं सगळं गाव म्हणतं.

"आत्याबाई, ते मी लावलं होतं."

"असं इस्कटून कुनी लावतं का? मला वाटलं तण माजलं."

"आता उपटू नका."

"न्हाई, बिलकुल न्हाई."

पुढच्याच आठवड्यात पुन्हा उपटलं. पाहुणे येणार होते म्हणे, मास्तरणीच्या दारात तण दिसलं तर लोक काय म्हणतील. तिसऱ्यांदा तर कारणही नव्हतं. "हातच गेला," म्हणाल्या. मला रडू यायला लागलं. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला, त्याचा राग वेगळाच.

शेवटी मी सुतळी ताणली आणि कपाशी लावावी तसे गड्डे सरळ ओळीत लावले. ओळीत उभं ते पीक, मधलं ते तण, एवढंच त्या हातांना ठाऊक. मग घ्या ओळ. सासूबाई उंबऱ्यावरून बघत होत्या. "आता कसं बराबर झालं," म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यानंतर एकही पात हलली नाही.

पोळा आला. पाती गुडघ्याला लागल्या होत्या, पण पाणी काही निवळलं नव्हतं. ह्या उपटाउपटीत किती दिवस वाया गेलेले. कारभारीकाका फावडं घेऊन आले. मी अजून थोडी मुदत मागत होते, तोवर ते नालीकडे जायला सरळ खड्ड्यातूनच निघाले.

"पाय काढा, कारभारीभाऊ." सासूबाई खुरपं घेऊन उभ्या होत्या. "पीक हाय."

"कशाचं पीक, चांगुणाबाई? हे तं तळ्यातलं गवत."

"वळीत हाय ना? मंग पीकच. इतकी वरसं तुमच्या रानात खुरपलं, कधी तुमच्या पिकावर पाय ठिवला का म्या? हे आमचं हाय."

काकांनी पाय मागे घेतला. ओळींकडे बघितलं. "दिवाळीपर्यंत बघतो," म्हणाले आणि फावडं खांद्यावर टाकून गेले.

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट रागच आला. आयुष्यभर लोकांच्या पिकात वाकलेल्या बाईला 'आमचं' म्हणायला मिळालं काय, तर मोरीच्या पाण्याचा खड्डा.

सासूबाई खाली वाकल्या आणि दोन ओळींच्या मध्ये फुटलेला कोवळा कोंब उपटून बाजूला टाकला. पाणकणीस असंच पसरतं, तो कोंब ठेवायचा असतो. मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं आणि त्यांच्यासाठी बसायला पाट आणून दिला.